यादी, तीन प्रतींत

हेडविगबाईंची यादी तीन प्रतींत टाइप केलेली.
एक हॅम्बुर्गच्या कचेरीत,
एक पेटाऱ्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली,
तिसरी त्यांच्या पर्समध्ये,
नागपाड्याला, आमच्या पोटमाळ्यावर.

पेटारा आलाच नाही.

वडील पोर्ट ट्रस्टात कारकून.
दर सोमवारी जहाजांच्या चोपड्या चाळून येत
आणि दारात चपला काढता काढताच मान हलवत.
मग लढाई लागली.
बाई आता शत्रूच्या प्रजाजन,
आठवड्यातून एकदा चौकीत जाऊन सही करायची.
ज्यांनी हाकललं त्यांच्याच नावावर.

अठ्ठेचाळीसच्या डिसेंबरात पत्र आलं.
वडिलांना जर्मन येत नव्हतं,
पण तक्ता कुठल्याही भाषेत तक्ताच.
बाई अर्थ सांगत गेल्या, ते बोट फिरवत गेले:
जमा, लिलावाचे, अकराशे चाळीस मार्क.
वजा गोदामभाडं, सतरा महिन्यांचं.
वजा हमाली. वजा जाहिरात.
वजा पुकारा करणाऱ्याची दलाली, शेकडा दहा.
बाकी सरकारजमा.

"हिशेब बरोबर आहे," वडील म्हणाले,
आणि मग दोन दिवस जेवणाच्या पाटावर
त्यांनी मान वर केली नाही.

बाई एवढंच म्हणाल्या,
"माझ्या चादरीवर कुणीतरी झोपतंय.
आधी धुतली असेल ना?"

त्यानंतर दर शुक्रवारी मटण स्ट्रीट.
मी दहा वर्षांची, भाव करायला बरोबर,
कारण बाईंच्या हिंदीत
क्रियापद पोचेपर्यंत गिऱ्हाईक बदलायचं.
सहा खुर्च्या हव्या होत्या, चार मिळाल्या, चारी वेगळ्या.
कॉफी दळायचं यंत्र.
भिंतीवरचं घड्याळ, बंद.
आपलं नसलेलं घरी आणायचं
आणि यादीत शिसपेन्सिलीनं खूण करायची.
दिवे लावायच्या आत परत.
आई म्हणायची, "शब्बाथ आला दारात, आणि तुम्ही भंगार आणताय!"

"कुठनं आला हा माल, कासमभाई?"
"माल कुठनं येतो बाई? घरातनं."

एकोणपन्नासात बाजार एकदम फुगला.
पलंगावर पलंग, नावं कोरलेली भांडी.
भेंडीबाजारात एका सील तोडलेल्या घरापुढं
ओट्यावर उभा राहून माणूस घंटा वाजवत होता.
कराचीला गेलेल्यांचं सामान. कस्टोडियनचा हुकूम.

पाळणा शिसवी होता, खुंट्या कातलेल्या,
उशाशी उर्दूत काहीतरी.
यादीत ओळ एकतीस:
पाळणा, एक, वापरलेला.
कोणी वापरलेला ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

सगळे बाईंकडं बघायला लागले. मडम घेणार.
"काय लिहिलंय?"
कासमभाईंनी डोळे बारीक केले. "रुकय्या."
"कधी गेले ते?"
"झालं असेल वर्ष."
"मग येतील की परत."

लिलावात नाक खाजवलं तरी बोली धरतात.
बाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले,
एकात दुसरा घट्ट.

दहा रुपये एक वार.
अकरा.
अकरा एक वार, दोन वार, तीन वार.

घेणारी कल्याणच्या छावणीतली,
कडेवर नागडं पोर.
तिचा पाळणा तिकडं राहिला होता,
तिच्या शहरात, ज्याचं नाव मघाशीच कोणीतरी घेतलं होतं.
पदराच्या गाठीतून नऊच निघाले.
घंटावाला खेकसला.

हेडविगबाईंनी पर्स उघडली.
दोन रुपयांबरोबर यादीही बाहेर आली.
त्या बाईनं पैसे घेतले,
आमच्याकडं बघितलं नाही,
पाळणा डोक्यावर घेतला आणि पोरगं तसंच कडेवर.

"नाव लिहून ठेव," बाई मला म्हणाल्या.

तिसरी प्रत आता माझ्याकडं असते,
घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी.
एकतिसाव्या ओळीपुढं खूण नाही.
तिथं माझं तेव्हाचं गिचमिड अक्षर आहे: रुकया.
एक य राहिला होता.
बाईंना मराठी वाचता यायचं नाही,
त्यांच्या लक्षात आलं नाही,
आणि मी अजून तो घातलेला नाही.